गादीवर बोलायचं नसतं

१९९७ साली आमच्याकडचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू जरा जास्तच थाटाचं झालं. मी ते मुद्दाम तसं केलं होतं. घर गप्प राहिलं की ते लोकांना ऐकू येतं, असं मला त्या दिवसांत वाटत असे. म्हणून कैरीची डाळ दुप्पट वाटली, पन्ह्यात वेलदोडा सढळ हाताने घातला आणि मिरजेच्या ब्राह्मणपुरीतल्या ओळखीच्या झाडून सगळ्या बायकांना बोलावणं केलं. पुढच्या खोलीत गौर मांडली होती. मधल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं आणि त्या दारामागे माझी मुलगी वैजू खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. ती घरात आहे, हे मी आणि तिचे बाबा सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

“वैजू मजेत ना नाशकात?” समोरच्या सबनीस वहिनींनी विचारलं.

“मजेत. परवाच फोन झाला.”

“लग्नानंतरची पहिली चैत्रगौर तिची. बोलावून नाही घेतलंत?”

“अहो, त्यांच्याकडेही गौर असते. एकुलती एक सून, सोडतील का?”

सबनीस वहिनींनी डाळीचा घास घेतला आणि मधल्या दाराकडे बघितलं. किंवा मला तसा भास झाला. तेवढ्यात बाहेर लुना थांबली आणि हातात साड्यांचं मोठं बोचकं घेऊन गिरिजा पायऱ्या चढून आली.

गिरिजा म्हणजे लक्ष्मी मार्केटजवळच्या हळिंगळ्यांच्या साडीच्या दुकानाची धाकटी सून. सांगलीच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची इंजिनिअर झालेली. लग्न होऊन आली ती दोन महिन्यांत दुकानात कॉम्प्युटर बसवूनच थांबली. सासरे बसाप्पाण्णा गावभर सांगत, “लोकांच्या सुना फ्रीज घेऊन येतात, आमची मेंदू घेऊन आली बघा.”

“काकू, तोंड गोड करा आधी!” गिरिजा चपला काढता काढताच म्हणाली. “आमच्या मशीनने सांगितलंय, पाटणकर काकूंना आता हिरवी साडी लागणार.”

बायकांचे चमचे थांबले. मग एकच गलका झाला.

“अगंबाई! वैजूला दिवस गेलेत?”

“आणि वहिनी, पोटात ठेवलंत होय! आम्हाला पत्ता नाही!”

“साडीवाल्याला आधी कळतं, शेजारणीला नाही.”

गिरिजा बिचारी गोंधळली. “तसं नाही हो, मशीनला कसं कळणार? लग्नाला वर्ष होत आलं की बहुतेक घरांतून डोहाळजेवणाची साडी जाते. तेवढा हिशेब ते मांडतं. म्हणून मी आपल्या दाखवायला आणल्या. काकू, अजून काही नसेल तर राहू देत, नंतर कधीतरी…”

तिने मला वाट करून दिली होती. मी नुसतं “अजून काही नाही गं” म्हणाले असते तर त्या दिवशीच सगळं मिटलं असतं. पण सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ‘काही नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, त्याच्यामागून त्याच्या पुढचा, आणि त्या प्रश्नांच्या वाटेने कुणीतरी त्या बंद दारापर्यंत पोचलं असतं.

“कितवा हो वहिनी?” सबनीस वहिनींनी अगदी हळू विचारलं.

“पाचवा लागला,” मी म्हणाले.

मग काय! बोचकं सुटलं. गौरीपुढे हिरव्या साड्या पसरल्या. प्रत्येकीने एकेक उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकून बघितली. “वैजू गोरी आहे, तिला पोपटी नको.” “ही घ्या, इरकल, लाल टोपपदर बघा कसा उठून दिसतोय.” मी ती इरकल घेतली. घेतली म्हणजे हातात घेऊन बघितली, पदराचं सूत तपासलं, काठ ओढून पाहिला, अगदी खरीखुरी घ्यावी तशी घेतली. कुणीतरी तिच्यावर नारळ ठेवला. गिरिजा म्हणाली, “मशीनमध्ये घालते हं काकू, पाचवा. पुढचं सगळं ते आठवणीने करील, तुम्ही डोक्याला ताप घेऊ नका.”

दारामागून खाट करकरली. मी पन्ह्याचं पातेलं मुद्दाम आपटलं.

*

या मशीनचं कौतुक गल्लीत सगळ्यांत जास्त मीच केलेलं होतं.

आदल्या वर्षी वैशाखात वैजूच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही हळिंगळ्यांकडे गेलो होतो. बसाप्पाण्णा गादीवर बसले होते. पांढरीशुभ्र गादी, तक्क्या, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे. या माणसाला मिरजेतल्या निम्म्या घरांचे सणवार पाठ असत. बाई पायरी चढली की तिच्या घरी काय आहे ते ओळखून ते आतल्याला कुठला गठ्ठा काढायचा ते सांगत. पण वय झालं होतं आणि नावं सुटायला लागली होती. म्हणून गिरिजा त्यांच्या डोक्यातलं मशीनमध्ये उतरवून घेत होती. आम्ही शालू बघत होतो आणि ती पलीकडे कॉम्प्युटरशी बसून विचारत होती.

“लग्नानंतर काय, अण्णा?”

“श्रावणात मंगळागौर. नऊवारी हवी. नाचायची असते की पोरींना.”

“मग?”

“दिवाळसण. मग संक्रांत, काळी चंद्रकळा. मग हिरवी, डोहाळजेवणाची. मग बाळंतविडा, मग बारसं. मग बाळाची पहिली संक्रांत, बोरन्हाण. घाल सगळं.”

“घातलं. आणि अण्णा, एखादीचं लग्न मोडलं तर? किंवा नवराच…”

अण्णांनी जीभ चावली, दोन्ही कानांना हात लावले. “गादीवर बसून तसलं बोलायचं नसतं, पोरी. लक्ष्मीची जागा आहे ही. आम्ही संध्याकाळी दुकान ‘बंद’ करतो म्हणत नाही, ‘वाढवतो’ म्हणतो. आणि समोर नवरी बसलीय बघ!”

“शुभ बोल गं बाई,” मीही म्हणाले. वैजू नुसती हसली होती. तिच्या खांद्यावर तेव्हा शालूची घडी होती.

गिरिजाने तो प्रश्न पुसून टाकला आणि पुढच्या कामाला लागली.

आणि मग मशीनने कमाल केली. श्रावणाच्या आधी आठवड्यावर कार्ड आलं: ‘चि. सौ. वैजयंतीच्या पहिल्या मंगळागौरीसाठी नऊवारी काढून ठेवल्या आहेत.’ डिसेंबरात चंद्रकळेचं कार्ड, सोबत हलव्याचे दागिने कुठे मिळतात त्याचा पत्ता. मी कार्ड घेऊन गल्लीत फिरले. “बघा, आपल्या मनात यायच्या आधी त्याला कळतं.” चंद्रकळा मी नाशिकला पाठवली.

संक्रांत होऊन दहा-बारा दिवस झाले आणि वैजू आली. तिचे बाबा मिरज जंक्शनला पार्सल ऑफिसात होते. सकाळच्या गाडीतून उतरणाऱ्या गर्दीत त्यांना एक मुलगी ओळखीची वाटली. वरचा ओठ सुजलेला, कानाखाली काळंनिळं, हातात एकच पिशवी. त्यांनी तिला पार्सल ऑफिसच्या मागून, बोळाबोळातून, आमच्या घरी आणलं. पुढच्या बाजूला सबनीस वहिनी रांगोळी काढत होत्या. म्हणून मागच्या दाराने आत घेतलं. मीच कडी काढली. मी तिला जवळ घेतलं, पण त्याआधी मी दार लावलं.

*

चैत्रगौरीच्या बायका गेल्यावर मी मधलं दार उघडलं. वैजूने हात पुढे केला. मी डाळीची वाटी दिली. ती चवीने खाऊ लागली.

“आई.”

“काय गं?”

“कितवा लागलाय म्हणालीस मला?”

मी पन्ह्याची फुलपात्रं गोळा करू लागले.

“नाही, म्हणजे मला ठाऊक हवं ना. कुणी विचारलं तर?” तिने वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. “अजून घाल. दोन जिवांची आहे मी.”

संध्याकाळी तिच्या बाबांना सांगितलं. ते बराच वेळ मोरीत पाय धूत राहिले. पाय धुऊन झाल्यावरही पाणी ओतत राहिले.

“हे निस्तरणार कसं?”

“पुढचं पुढे बघू. तो माणूस तोवर येईल न्यायला. चार दिवस मध्ये गेले की रागही निवतो.”

“मी जाणार नाहीये बाबा,” वैजू आतून म्हणाली. “मला स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासला घाला. बी. कॉम. आहे मी. कुठेतरी चिकटेन.”

“घालू ना,” मी म्हणाले. “थोडे दिवस जाऊ देत. आत्ता बाहेर दिसलीस तर…”

“तर?”

“तर काय सांगू मी लोकांना? आजच पाचवा सांगितलाय.”

ती तेव्हा हसली. ते हसू मला आजही आठवतं, म्हणून इथे लिहीत नाही.

पुढचे महिने घरात दोन वैजू राहत होत्या. एक मधल्या खोलीत, जुनी मासिकं वाचणारी, सकाळी सगळे उठायच्या आत अंघोळ उरकणारी, शिंक आली की तोंडावर पदर धरणारी. दुसरी हळिंगळ्यांच्या दुकानात, मशीनमध्ये. या दुसरीचं सगळं वेळच्या वेळी होत होतं. जूनमध्ये तिच्या सातव्याचं कार्ड आलं, त्यात फुलांच्या वाडीच्या माळ्याचं नावसुद्धा होतं. ते सबनीस वहिनींच्याच हाती पडलं. त्या घेऊन आल्या.

“मग, डोहाळजेवण इथे करणार?”

“नाशकात झालंसुद्धा. नावेतलं केलं त्यांनी.”

“वा! आणि बाळंतपणाला आणणार ना? पहिलं माहेरीच करतात.”

“त्यांचा तिथे घरचा डॉक्टर आहे. धोका नको म्हणतात.”

“हं,” सबनीस वहिनी म्हणाल्या. दारात जरा थांबल्या. “पाटणकर वहिनी, काही लागलं तर हाक मारा हं.”

“काय लागणार? सगळं छान चाललंय.”

त्या गेल्यावर आतून आवाज आला, “आई, नाव कुठे होती? गोदावरीत? बुडाले नाही ना मी?”

मी तिला ओरडले. हळूच, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही असं ओरडले. ती म्हणाली, “त्या मशीनचं मला कौतुक वाटतं बघ. त्याने माझा संसार किती नीट सांभाळलाय. मला स्वतःला नाही जमला.”

हिरवी इरकल कपाटात होती. नारळ मी शेंडीसकट तसाच ठेवला होता. फोडला असता तर त्याचं काय करायचं, ते कळत नव्हतं.

*

श्रावणातल्या एका शुक्रवारी दुपारी गिरिजा आली. या वेळी बोचकं नव्हतं, नवी कोरी टोपली होती आणि वर लाल जरीचा रुमाल.

“काकू, बाळंतविडा!” ती धापा टाकत म्हणाली. “आमच्याकडून. मशीनने आज आठवण केली आणि अण्णा म्हणाले, पाटणकरांचं गिऱ्हाईक तीस वर्षांचं, पैसे घ्यायचे नाहीत. नाशिकला पाठवायला सोपं जावं म्हणून सगळं एकात बसवलंय. झबली मी स्वतः शिवलीत. टोपडं बघा, कुंची पण आहे.”

तिने रुमाल उचलला. पिवळं झबलं वरच होतं. माझ्या तळहाताएवढं.

“कशाला गं एवढं,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

“काकू, खरं सांगू? या प्रोग्रामचं पहिलं पूर्ण झालेलं माणूस म्हणजे वैजू. लग्नापासून बाळापर्यंत, एकही चुकलं नाही. सांगलीच्या एका दुकानदाराने मागितलाय तो माझ्याकडे. मी त्यांना वैजूचंच उदाहरण दाखवलं. माणसाला काय लागणार ते त्याने मागायच्या आधी ओळखायचं, एवढंच मला करायचं होतं बघा.”

मधलं दार उघडलं.

वैजूने ती हिरवी इरकल नेसली होती. केस विंचरून वेणी घातलेली. हातात पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र. मधल्या खोलीतून पुढच्या खोलीत ती सहा महिन्यांनी येत होती, पण चालली अशी जणू रोजच येते.

“पाणी घ्या, ताई. साडीचं सूत छान आहे हं. अंगावर बसते.”

गिरिजाने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पोटाकडे. पदर सपाट खोचलेला होता. गिरिजाचा हात तोंडाकडे गेला.

“वैजू… अगं… कधी झालं हे? आणि मी वेडी ही टोपली घेऊन… माफ कर गं मला. काकू, तुम्ही बोलला का नाहीत?”

तिचे डोळे भरून आले. माझ्या मुलीचं मूल गेलं असं तिला वाटलं होतं. आणि मला सांगायला हवं, त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं ते: असंच समजू दे हिला. हे बरं आहे. यातून सुटता येईल. मी तोंड उघडणारच होते.

“काही झालेलं नाही, ताई,” वैजू म्हणाली. “कुणी आलंच नव्हतं, जायचं कुठून? दिवस गेले होते ते तुमच्या मशीनला. मी संक्रांतीनंतर इथेच आहे. नवऱ्याने मारलं म्हणून निघून आले. चैत्रगौरीला तुम्ही साड्या पसरत होतात ना, तेव्हा मी या दारामागे बसले होते.”

गिरिजा तिच्याकडे बघत राहिली. मग तिने टोपलीवर रुमाल परत घातला, अगदी सावकाश, चारी कोपरे नीट करून. माझ्याकडे तिने बघितलं नाही. त्याचे उपकारच वाटले.

“मला तुमच्याशी काम आहे,” वैजू म्हणाली. “त्या मशीनमध्ये माझं खरं काय ते घाला. नाहीतर उद्या ते बारशाचं कार्ड पाठवील. मग बोरन्हाणाचं. त्या नसलेल्या पोरीला ते शाळेत घालील, तिचं लग्नसुद्धा लावील. आई कुठवर पुरी पडेल?”

“तशी जागाच नाही गं त्यात,” गिरिजा म्हणाली. “लग्नाच्या पुढे सगळं शुभच आहे. मी विचारलं होतं अण्णांना, त्या दिवशी… तू होतीस की समोर.”

“होते. आईने शुभ बोल म्हणून सांगितलं होतं.”

“मी विचारायचं सोडायला नको होतं.”

“मग आता जागा करा. मी येते तुमच्याबरोबर. चला.”

वैजूने चपला घातल्या. तिच्या चपला मागच्या दाराशी फळीखाली लपवलेल्या असत. आज तिने त्या आधीच आणून ठेवल्या होत्या. बाहेर ऊन पडलं होतं. सबनीस वहिनी त्यांच्या ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या, शेजारी आणखी दोघी.

“येतेस, आई?” वैजूने विचारलं.

तिने विचारलं, हे महत्त्वाचं. सहा महिन्यांत तिने माझ्याकडे मागितलेलं ते एवढंच.

मी म्हणाले, “मागच्या दाराने जा.”

गिरिजाने मान खाली घातली. वैजू माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. रागाने नाही. लांबच्या गाडीची पाटी वाचावी तसं. मग तिने पुढच्या दाराची कडी काढली आणि हिरवी साडी नेसून भर दुपारी ब्राह्मणपुरीच्या रस्त्याने चालत गेली. टोपली तिने गिरिजाकडून आपल्याकडे घेतली होती.

वाती वळणाऱ्यांचे हात थांबले होते. मी खिडकीच्या आडून ते बघितलं.

*

मग मीच मागच्या दाराने निघाले. बोळातून, डोक्यावरून पदर घेऊन, हळिंगळ्यांच्या दुकानाशी आले. दुकानाच्या तोंडाशी दाखवायच्या साड्या दोरीला लावलेल्या असत. त्यांच्या आड उभी राहिले.

गिरिजा कॉम्प्युटरपुढे बसली होती, शेजारी स्टुलावर वैजू. बसाप्पाण्णा गादीवर.

“अण्णा, हिचं काहीतरी वेगळं घालायचं आहे.”

“काय ते?”

“गादीवर बोलायचं नाही तसलं आहे.”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. अण्णांनी वैजूकडे बघितलं. साडी बघितली, सपाट पोट बघितलं, तिच्या हातातली टोपली बघितली. त्यांना सगळं कळलं असावं. मिरजेतल्या निम्म्या घरांचं त्यांना कळत असे, आमचंच कसं सुटलं असेल?

ते उठले. गुडघ्यावर हात देऊन गादीवरून खाली उतरले, आणि गिऱ्हाइकांसाठी अंथरलेल्या सतरंजीवर, वैजूच्या पायाशी म्हणावं असे, मांडी घालून बसले. त्या दुकानात त्यांना खाली बसलेलं कुणी कधी बघितलं नव्हतं.

“हं. आता मी गादीवर नाही,” ते म्हणाले. “बोल पोरी, काय बोलायचं ते.”

वैजू बोलली. मी सगळं ऐकलं. माझ्याच घरात राहून तिने मला सांगितलं नव्हतं असं बरंच ऐकलं, कारण मी ते कधी विचारलंच नव्हतं. अण्णा मध्ये मध्ये “होय की” एवढंच म्हणत होते. ती थांबल्यावर त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

“घाल गं गिरिजा. एक रकाना कर. परत आलेल्या मुली म्हणून.”

“नको,” वैजू म्हणाली. “मग ते दर सणाला मला तेच लावत बसेल. परत आली, परत आली. मला कुठल्याच रकान्यात बसवू नका.”

“मग त्याने ओळखायचं कसं, तुला काय लागणार ते?” गिरिजाने विचारलं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

“ओळखू नये त्याने. विचारावं. तुम्ही मला परस्पर हिरवी साडी दिलीत. कुणी येऊन विचारलं असतं, वैजू, तुला काय हवंय, तर मी सांगितलं असतं. कॉम्प्युटर शिकायचाय.”

मग गिरिजाने स्टूल आपल्याकडे ओढलं, वैजूसकट.

“हा बघ, हा कीबोर्ड,” ती म्हणाली.

तेवढ्यात दुकानातल्या नोकर बाईचं माझ्याकडे लक्ष गेलं. “काकू, तुम्ही? अशा आडोशाला का उभ्या? काय दाखवू?”

वैजूने वर बघितलं.

“काही नाही,” मी म्हणाले. “चुकून आले.” आणि आल्या वाटेने परत गेले.

*

बारशाचं कार्ड आलं नाही. दोन महिन्यांनी दिवाळीच्या आधी गिऱ्हाइकांना हळिंगळ्यांचं नवं कार्ड गेलं. त्यावर सणाचं नाव नव्हतं, साडीचा रंग नव्हता. फक्त लिहिलं होतं: ‘आपल्याला काही हवं आहे का? कळवावे.’ बसाप्पाण्णांना ते पटलं नव्हतं, धंदा बुडेल म्हणाले होते. बुडाला नाही. ते पुढे पाच-सहा वर्षांनी गेले. शेवटपर्यंत गादीवर अशुभ बोलले नाहीत. तशी वेळ आली की खाली उतरून बसत. त्यांच्या नातवानेही ती पद्धत ठेवली आहे असं ऐकते.

वैजू पुढच्या दाराने बाहेर पडली त्याच दिवशी संध्याकाळी सबनीस वहिनी आमच्याकडे आल्या. “आली का बाहेर एकदाची?” त्यांनी विचारलं. मी बघतच राहिले. “अहो, तुमच्या मोरीच्या पाण्याबरोबर हातभर लांब केस वाहत यायचे. तुमचा अंबाडा तर सुपारीएवढा. मला तेव्हाच कळलं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.” पुढच्या चैत्रगौरीला त्यांनी वैजूला नाव घेऊन आमंत्रण दिलं. आता त्या नाहीत.

वैजूचे बाबा तिच्या घटस्फोटाचा निकाल लागला त्या वर्षी निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गिरिजा आली. हात रिकामे. पुढच्या खोलीत बसली आणि म्हणाली, “काकू, काही हवंय का?” मी नाही म्हणाले. ती तरी संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

तिने आणि वैजूने पुढे सांगलीत कंपनी काढली. दुकानांचे, दवाखान्यांचे प्रोग्राम करतात. गिरिजाचे केस पांढरे झालेत, वैजूचे माझ्यावर गेलेत, तिचाही अंबाडा आता सुपारीएवढा. तिने पुन्हा लग्न केलं नाही. तो बाळंतविडा तिने कंपनीत कामाला लागलेल्या पहिल्या मुलीच्या बाळाला दिला, तिला आधी विचारून. हिरवी इरकल ती नेसून नेसून विरली, तिची मी गोधडी शिवली. ती माझ्या अंगावर असते.

मी आता वैजूकडेच राहते. माझ्या औषधांसाठी तिने फोनवर काहीतरी करून दिलं आहे. रोज सकाळी तो वाजतो आणि मोठ्या अक्षरांत विचारतो, ‘आज काही हवंय का?’ मी ‘नाही’वर बोट ठेवते. मला जे विचारायचं आहे ते फोनला विचारण्यासारखं नाही, आणि वैजूला विचारायला माझी जीभ उचलत नाही. त्या दुपारी मी जे म्हणाले ते तिने कधी काढलं नाही. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही.

फक्त हा फ्लॅट घ्यायच्या वेळी आम्ही दोघी तो बघायला आलो होतो. दलाल सांगत होता की वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला स्वयंपाकघरातून वेगळा जिना आहे, कामवाल्या बाईला सोयीचं. वैजूने तो बघितला, बाल्कनी बघितली, उजेड बघितला आणि हा खालचा घेतला.

या घराला एकच दार आहे.